ब्रश बंद केला तेव्हा चेहरा शांत झाला

गंगापूर रोडच्या एका मेडिकलमधून बॅटरीवर फिरणारा फेस ब्रश आणला होता आणि रोज सकाळ-संध्याकाळ फेसवॉश लावून दोन-दोन मिनिटं घासायचे, वाटायचं चेहरा कसा मस्त साफ होतोय. डिसेंबरात नाशिकची थंडी पडली आणि नाकाच्या कडेला पांढरी सालं, गालावर लाल चट्टे, साधं पाणी लागलं तरी चरचरायचं. सालं निघावीत म्हणून मी अजूनच घासत गेले, तिथंच चुकलं.

मग ब्रश पूर्ण बंद. ज्याला फेस येत नाही असा साधा क्लेन्झर, तोही फक्त रात्री, बोटांनीच, सकाळी नुसतं कोमट पाणी. कडकडीत गरम पाणी अजिबात नाही, त्यानं त्वचेवरचं तेल निघून जातं. टॉवेलनं टिपायचं, रगडायचं नाही आणि चेहरा ओलसर असतानाच सेरामाइड (त्वचेतला ओलावा टिकवणारा स्निग्ध घटक) आणि ग्लिसरीनवालं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं, कारण ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, हीच क्रीम आधी कोरड्या चेहऱ्यावर लावायचे तेव्हा खरंच काही फरक पडला नव्हता. नाकाच्या कडेला वरून मुगाच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली.

चौथ्या दिवशी चरचर थांबली, सालं जायला मात्र पंधरा दिवस लागले. आता सिलिकॉनचा मऊ ब्रश आहे, पण तो आठवड्यातून एकदाच, सनस्क्रीन जाड बसलं असेल तेव्हा.