शिकणारा न्यूरॉन घरच्या संगणकावर कसा घडवावा

‘मेंदूसारखी शिकणारी चिप’ हा शब्दप्रयोग जाहिरातींमध्ये इतका सैलपणे वापरला जातो की, ती चिप नेमके काय करते हा प्रश्न बाजूलाच राहतो. या प्रकाराला न्यूरोमॉर्फिक चिप म्हणतात आणि तिचे कार्य समजून घेण्यासाठी ती विकत घ्यावी लागत नाही. वही, पेन्सिल, पायथन भाषा असलेला साधा संगणक आणि एखाद्या रविवारची सकाळ एवढे पुरते. त्या सकाळी काय करावे, ते पुढे सांगितले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. नेहमीच्या संगणकात स्मृती एकीकडे आणि आकडेमोड करणारा भाग दुसरीकडे असतो. त्यामुळे प्रत्येक आकडा तेथून आणायचा आणि पुन्हा तेथे नेऊन ठेवायचा, या ने-आणीतच बरीच ऊर्जा खर्च होते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे एकमेकांना संकेत पाठवणाऱ्या पेशी, असतात आणि त्यांचा सारा कारभार साधारण २० वॅटवर चालतो, कारण तेथे आठवण आणि प्रक्रिया यांची जागा वेगळी नसते आणि ज्याला काही सांगायचे आहे तोच न्यूरॉन बोलतो, बाकीचे गप्प असतात. ही रचना सिलिकॉनमध्ये उतरवता येईल, हा विचार अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेतील कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकात पुढे नेला. ‘न्यूरोमॉर्फिक’ हा शब्दही त्यांचाच.

आता वही उघडावी. न्यूरॉनचे सर्वांत सोपे प्रतिरूप म्हणजे गळका रांजण: वरून पाणी पडते, तळाच्या भोकातून थोडे गळते, आणि पाणी ठरावीक खुणेपर्यंत चढले की रांजण एकदम उपडा होऊन रिकामा होतो. रांजण उपडा होणे म्हणजेच स्पाइक, न्यूरॉनने पुढे पाठवलेला क्षणिक संकेत. वेळेचे सारखे तुकडे करून प्रत्येकाला ‘ठोका’ म्हणावे. प्रत्येक ठोक्याला रांजणातील पातळीला ०.९ने गुणावे, ही झाली गळती. मग येणारे पाणी त्यात मिळवावे. पातळी १० किंवा त्याहून अधिक झाली की स्पाइक नोंदवून ती शून्यावर आणावी.

दर ठोक्याला २ इतके पाणी येत असेल, तर पातळी २, ३.८, ५.४२, ६.८८, ८.१९, ९.३७ अशी चढत जाऊन सातव्या ठोक्याला १०.४३ होते आणि न्यूरॉन स्पाइक देतो. आवक दुप्पट करून ४ केली, तर स्पाइक तिसऱ्याच ठोक्याला येतो. म्हणजे आवक दुप्पट आणि वेग दुपटीहून जास्त. उलट आवक ०.९ ठेवली, तर पातळी ९च्या जवळ जाऊन तेथेच रेंगाळते आणि कितीही वाट पाहिली तरी स्पाइक येत नाही. ही तिन्ही उदाहरणे हाताने सोडवावीत, कारण गळतीचे महत्त्व सूत्र वाचून कळत नाही, ते त्या रेंगाळणाऱ्या आकड्यांवरून कळते: जुने आणि तुरळक संकेत गळून जातात, एकाच वेळी आलेले संकेत मात्र एकमेकांना हात देतात.

येथवर न्यूरॉन काही शिकलेला नाही. शिकणे घडते ते सिनॅप्समध्ये, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडणीत. प्रत्येक जोडणीला एक भार असतो. पाठवणाऱ्याचा स्पाइक आला की तेवढे पाणी रांजणात पडते. हा भार अनुभवानुसार बदलतो, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडली होती, आणि १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून त्यातील वेळेचा बारकावा स्पष्ट झाला. पाठवणाऱ्याचा स्पाइक आधी आणि घेणाऱ्याचा लगेच नंतर आला, तर जोडणी बळकट होते. क्रम उलटा झाला, तर ती कमजोर होते. आणि दोघांमध्ये बरेच अंतर असेल, तर जवळजवळ काहीच घडत नाही. थोडक्यात, ज्याने वेळेवर खबर दिली त्याचे वजन वाढते आणि वरात गेल्यावर येणाऱ्याचे घटते.

हा नियम संगणकावर उतरवताना प्रत्येक स्पाइकची वेळ साठवून ठेवण्याचा मोह टाळावा. प्रत्येक न्यूरॉनजवळ ‘माग’ नावाचा एकच आकडा ठेवावा: स्पाइक आला की तो १ करावा आणि नंतर दर ठोक्याला त्याला ०.९५ने गुणावे. माग मोठा असेल तर स्पाइक नुकताच येऊन गेला आहे, लहान असेल तर बराच वेळ झाला आहे. नियमाला याहून अधिक माहिती लागत नाही. इंटेल कंपनीच्या लोइही या न्यूरोमॉर्फिक चिपमधील शिकण्याची यंत्रणाही अशाच विरत जाणाऱ्या मागांवर आधारलेली आहे.

आता पायथनमध्ये दहा पाठवणारे आणि एक घेणारा न्यूरॉन मांडावा. सर्व दहा जोडण्यांचा सुरुवातीचा भार ३.५ ठेवावा, म्हणजे कोणाचाच पक्षपात होणार नाही. पहिल्या तिघांना एक टोळी मानावे: दर ठोक्याला १ टक्का शक्यतेने ते तिघे एकदमच स्पाइक देतील. उरलेले सातही त्याच १ टक्का शक्यतेने, पण आपापल्या मर्जीने स्पाइक देतील. सगळ्यांचा सरासरी वेग एकच ठेवण्यामागे हेतू आहे. पुढे जो फरक दिसेल तो जास्त बडबडीमुळे नव्हे, तर एकत्र बोलण्यामुळे पडला, हे त्यातून सिद्ध होते.

प्रत्येक ठोक्यातील कामांचा क्रम काटेकोरपणे पाळावा. प्रथम पातळी ०.९ने आणि सर्व माग ०.९५ने गुणावेत. मग ज्यांनी स्पाइक दिला त्यांचा भार पातळीत मिळवावा, त्यानंतर त्यांच्या भारातून घेणाऱ्याच्या मागाच्या ०.२ पट वजा करावे आणि त्यांचा स्वतःचा माग १ करावा. शेवटी पातळी १० किंवा अधिक असेल, तर ती शून्य करावी, प्रत्येक जोडणीच्या भारात त्या पाठवणाऱ्याच्या मागाच्या ०.१ पट मिळवावे आणि घेणाऱ्याचा माग १ करावा. भार शून्याखाली किंवा ६च्या वर जाऊ देऊ नये. हा सगळा कार्यक्रम (प्रोग्रॅम) तीस-चाळीस ओळींत बसतो. ब्रायन नावाची मुक्तस्रोत पायथन प्रणाली हेच काम कमी ओळींत करते. तरीही पहिल्यांदा हातानेच लिहावे, असे माझे मत आहे, कारण तयार प्रणालीत कामांचा क्रम नजरेआड होतो आणि गंमत तर क्रमातच आहे.

कार्यक्रम ५०,००० ठोके चालवून भारांचा आलेख काढावा. टोळीतील तिघांचे भार पहिल्या काही हजार ठोक्यांतच ६कडे सरकतात आणि उरलेल्या सातांचे हळूहळू ओसरतात. कोणती जोडणी महत्त्वाची हे कोणीही सांगितलेले नसते. बरोबर उत्तराची यादीही पुरवलेली नसते.

आलेख असा न येता सगळ्या रेषा जवळजवळ सपाट राहिल्या, तर बहुधा घेणारा न्यूरॉन गप्प बसलेला असतो. सुरुवातीचा भार ३.५ऐवजी १ ठेवून पाहावा: तिघांची बेरीज ३ होते, खूण जवळजवळ कधीच ओलांडली जात नाही, आणि स्पाइक न देणारा न्यूरॉन काहीच शिकत नाही. याउलट सगळेच भार ६ला जाऊन चिकटले, तर घट करणारा ०.२ हा आकडा चुकून लहान ठेवला आहे का ते तपासावे. वाढीपेक्षा घट थोडी जबर असावी लागते. नाहीतर योगायोगाने घडलेली प्रत्येक गोष्टही शिकवण ठरते.

एक प्रयोग चुकवू नये. शिकून झाल्यावर टोळीतील तिसऱ्याचा स्पाइक दोन ठोके उशिरा द्यावा. एव्हाना उरलेल्या दोघांचेच भार मिळून १०च्या पुढे गेलेले असतात, त्यामुळे न्यूरॉन त्यांच्यावरच स्पाइक देतो आणि तिसरा दरवेळी उशिरा पोहोचतो. काल बरोबरीचा असलेला त्याचा भार पाहता पाहता शून्याकडे जातो.

आता याच नियमांचे चिपमध्ये काय होते ते पाहावे. आपल्या कार्यक्रमात दर ठोक्याला प्रत्येक आकडा गुणला जातो, म्हणून त्यात ऊर्जेची काडीचीही बचत नाही. बचत होते ती स्पाइक आला तरच हालचाल करणाऱ्या आणि भार न्यूरॉनच्या शेजारीच साठवणाऱ्या परिपथांत. माग आणि भार यांखेरीज नियमाला दुसरे काही लागत नाही, ही गोष्ट येथे मोलाची ठरते, कारण दोन्ही जोडणीपाशीच मिळतात आणि दूरच्या स्मृतीकडे धाव घ्यावी लागत नाही. मात्र चिपवर भारासाठी मोजकेच बिट मिळतात. म्हणून भार पूर्णांकात बांधून तोच कार्यक्रम पुन्हा चालवावा: भाराला १०ने गुणून पूर्णांक केले, तर ०.०५सारखे छोटे बदल शून्यात विरतात आणि शिकण्यातला बारकावा हरवतो. त्यावर एक उपाय म्हणजे बदल शक्यतेने करणे: अर्धा बदल हवा असेल, तर दोनपैकी सरासरी एका वेळी पूर्ण बदल करावा.

एखाद्या चिपविषयी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा की, शिकणे चिपवर घडते की बाहेर. आयबीएमची २०१४ मधील ट्रूनॉर्थ ही ४,०९६ गाभ्यांची (छोट्या प्रक्रिया-घटकांची), सुमारे १० लाख न्यूरॉन आणि २५.६ कोटी सिनॅप्सची चिप सुमारे ७० मिलिवॅटवर चालत असे, आणि हे अभियांत्रिकीचे मोठेच यश होते. पण तिच्यातील भार बाहेरच्या संगणकावर ठरवून मग चिपवर चढवले जात. ती मेंदूसारखी चाले, मेंदूसारखी शिकत नसे. इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या लोइहीत न्यूरॉन सुमारे १ लाख ३० हजारच होते, पण शिकण्याचे नियम चिपवरच लिहिता येत. मला दुसरीच अधिक महत्त्वाची वाटते.

यापुढे खऱ्या यंत्रणेला हात लावायचा असेल, तर इंटेलची लाव्हा ही मुक्तस्रोत प्रणाली साध्या संगणकावरही चालते. मँचेस्टर विद्यापीठातील स्पिनेकर आणि हायडेलबर्ग विद्यापीठातील ब्रेनस्केल्स ही न्यूरोमॉर्फिक यंत्रे संशोधकांना युरोपच्या ईब्रेन्स या मेंदू-संशोधनाच्या व्यासपीठावरून दुरूनही वापरता येतात. मुंबईच्या आयआयटीतही या विषयावर संशोधन होते, तेव्हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी तेथील विद्युत अभियांत्रिकी विभागाच्या कामावर नजर ठेवावी. कोठेही विचारणा करताना दहा जोडण्यांचा आपला आलेख सोबत जोडावा, आणि तिसऱ्याचा भार का घसरला याचे चार ओळींचे स्पष्टीकरणही.