उन्हात ठेवलेलं पाणी तरीही दूषित? या चुका टाळा

पारदर्शक बाटलीत पाणी भरून ती उन्हात ठेवायची आणि जंतू मारायचे, अशी ही साधी पद्धत. नाशिकचं मे महिन्यातलं ऊन बघितलं की वाटतं, यात जंतू टिकतीलच कसे? इथेच पहिली गल्लत होते. जंतू मारण्याचं मुख्य काम उन्हाची ऊब नाही, अतिनील किरणं करतात. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं, पण आत किरणच शिरत नाही. ते पाणी निर्जंतुक झालं असं समजू नका. (पाणी 50 अंशांच्या वर गेलं तर ऊन आणि उष्णता मिळून काम लवकर उरकतं, ते वेगळं.)

बाटली बिनरंगी, पारदर्शक पेट (PET) प्लास्टिकची आणि 2 लिटरपर्यंतचीच घ्या. लेबल खरवडून काढा. 20 लिटरचा जार चालत नाही. बाटली पत्र्यावर आडवी ठेवा. खिडकीच्या काचेआड ठेवाल तर निम्मी मेहनत फुकट. स्वच्छ उन्हात 6 तास पुरतात, अर्ध्याहून जास्त आभाळ भरलेलं असेल तर सलग 2 दिवस लागतात. आषाढात त्र्यंबक-पेठकडे झड लागली की हा नाद सोडा आणि पाणी उकळा.

गोदेला पूर आल्यावरचं गढूळ पाणी तसंच भरू नका. भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी करा आणि तोंडातून खाली बघा. अक्षरं वाचता येत नसतील तर तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी काढून घ्या.

आता टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे रंगातही वापरतात ती पांढरी पूड; उन्हाचा परिणाम वाढवायला ती पाण्यात टाकतात. हा प्रकाशउत्प्रेरक (उजेडात रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) अतिनील किरणांनी चेततो आणि पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील कण) तयार करतो, तेच जंतूंची आवरणं फाडतात. आमच्या एका प्रयोगात सगळं नीट करूनही निकाल शून्य! पूड रंगाच्या दुकानातली होती. रंगासाठीच्या कणांवर बहुधा सिलिका-ॲल्युमिनाचा लेप असतो, कारण उन्हात रंग खराब करणारा हाच गुण रंगवाल्यांना नको असतो. प्रयोगाला अ‍ॅनाटेज प्रकारची (या पुडीचं एक स्फटिकरूप), बिनलेपाची पूड हवी. पण अ‍ॅनाटेजलाही साधारण 388 नॅनोमीटरहून आखूड लहरीच चालतात, आणि सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम 3 ते 5 टक्के.

जास्त पूड म्हणजे जास्त परिणाम, हाही भ्रमच. पाणी दुधासारखं झालं की वरचे कण खालच्यांवर सावली धरतात. शिवाय ती बारीक पूड साध्या फडक्याने गाळली जात नाही, म्हणून ती काचेवर किंवा जाळीवर चिकटवून वापरतात. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं बायकार्बोनेट (एक विरघळलेला क्षार) हे रॅडिकल गिळून टाकतं. त्यामुळे कॉलेजच्या प्रकल्पाला पूड जरूर वापरा, प्यायला मात्र साधी बाटलीच बरी.

द्राक्षबागेजवळच्या विहिरीतला नायट्रेट उन्हाने जात नाही, पूड टाकूनही त्यावर विसंबू नका. आणि पाणी माठात ओतू नका: क्लोरीनसारखा पुढे टिकणारा पहारा इथे नाही. त्याच बाटलीतून, तोंड न लावता, दिवसभरात प्या.