जुनी जीप उचलताना: आधी स्टिअरिंग, मग पाटे

माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपची उंची वाढवायला मी पुढून दोन इंच जास्त लांबीचे शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) लावले, तेव्हा काम एका दुपारीत संपलं होतं. खर्च किरकोळ झाला आणि गाडी रुबाबदार दिसायला लागली. तिसऱ्या दिवशी द्वारकेवरच्या उड्डाणपुलावर साठच्या वेगात होतो. पुलाच्या सांध्यावर पुढचं चाक आदळलं आणि स्टिअरिंग असं हिसके द्यायला लागलं की दोन्ही हातांनी धरूनही आवरेना. शेजारी मुलगी बसली होती. गाडी जवळपास थांबली तेव्हाच थरथर थांबली. हे लिहायचं कारण तेच. नाशिकमध्ये जुन्या पाटेवाल्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, जीप अजून भरपूर आहेत. पाऊस लागला की त्र्यंबक, घोटी, पेठ या बाजूला त्या चिखलात उतरतात, आणि बहुतेक जण माझ्यासारखीच उलट्या टोकाने सुरुवात करतात.

इथलं सगळं पुढे-मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्याच्या टोकांना) आणि पाटे असलेल्या गाड्यांसाठी आहे: सीजे ३बी, एमएम ५४०, मेजर, कमांडर वगैरे. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांचं गणित वेगळं असतं.

पुलावर काय झालं होतं

किंग पिनचं, म्हणजे ज्या खिळीभोवती पुढचं चाक वळतं तिचं, वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. मुख्यतः त्याच्यामुळेच वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. सीजे ३बी ला हा झुकाव मुळातच फक्त ३ अंश आहे. या गाड्यांच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं आणि मागचं टोक पक्कं. शॅकल दोन इंच लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक तेवढंच खाली जातं, आणि त्याबरोबर ॲक्सलचा माथा पुढे कलतो. पाट्याची लांबी साधारण ३६ इंच धरा. दोन इंचांचा फरक म्हणजे तीन अंशांहून थोडं जास्त. म्हणजे जेवढा कॅस्टर होता, तेवढा सगळा गेला. मिळालं काय? फक्त एक इंच उंची, कारण शॅकल जेवढं लांब कराल त्याच्या निम्मीच उंची ॲक्सलपाशी मिळते.

त्यात किंग पिन आणि टाय रॉड (पुढची दोन चाकं एकत्र वळवणारा दांडा) थोडे ढिले होते. कॅस्टर नाही आणि वर सांध्यांत खेळ, मग थरथर यायला एक खड्डा पुरतो. बऱ्याच गॅरेजमध्ये यावर स्टिअरिंग डॅम्पर (हिसके शोषणारा शॉकअपसारखा भाग) सुचवतात. डॅम्परने थरथर दबते, खेळ मात्र आतल्या आत वाढत राहतो. दुखणं बरं होईपर्यंत डॅम्पर लावू नका.

पहिलं काम: खेळ शोधा

यासाठी दोन माणसं लागतात. इंजिन बंद ठेवा आणि चाकं जमिनीवर सरळ. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे दोन-दोन इंच हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली झोपून एकेक सांध्यावर बोट ठेवायचं: स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला हात), ड्रॅग लिंकची (त्या हातापासून चाकांकडे जाणारा दांडा) दोन्ही टोकं, टाय रॉडची टोकं. सीजे ३बी असेल तर मधल्या बेल क्रँकलाही (ड्रॅग लिंक आणि टाय रॉड यांच्यामधला फिरता हात) बोट लावा, तिथला खेळ हमखास निसटतो. एक भाग हलतोय आणि शेजारचा हलत नाही, असं जिथे जाणवेल तिथे खडूने खूण करा. घाई करू नका, मला पहिल्यांदा यालाच दीड तास लागला.

मग पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या आणि खाली लोखंडी घोड्या लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंग पिनचा. किंग पिनचा घट्टपणा पातळ शिम (धातूच्या चकत्या) काढून वाढवतात. वर आणि खाली सारख्याच जाडीचे काढायचे, नाहीतर नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग) मध्यावर राहत नाही. बेअरिंगवर खळगे दिसले तर शिमने भागवू नका, बेअरिंग बदला.

स्टिअरिंग बॉक्सच्या स्क्रूने खेळ कमी करायचा असेल तर चाकं अगदी सरळ ठेवूनच करा. बॉक्स मध्यावर सगळ्यात घट्ट बसेल असाच बनवलेला असतो. चाकं वळलेली असताना स्क्रू आवळला तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जड होतं आणि आतले भाग खाल्ले जातात.

पाटे आणि शॅकल सोडताना एक लक्षात ठेवा. फार जुन्या जीपमध्ये यू आकाराच्या शॅकलना आटे असतात आणि त्यातल्या काहींचे आटे उलटे. पाना लावायच्या आधी आट्याची दिशा बघा, मी एक शॅकल तोडून हे शिकलो आहे.

हे सगळं झाल्यावर गाडी महिनाभर आहे त्या उंचीवर चालवा. सांधे घट्ट झालेल्या, नवे बुश आणि नीट पाटे असलेल्या जीपला उंची वाढवायची गरजच उरली नाही, असंही बऱ्याचदा होतं.

उंची कशाने वाढवायची

माझं मत सरळ आहे: दीड ते दोन इंच, आणि तेही जास्त कमानीच्या नव्या पाट्यांनी. जुन्या पाट्यांना कमान मारून घेणं स्वस्त पडतं. आडगाव नाक्याकडे ट्रकचे पाटे बनवणारे हे काम करतात. पण नुसती ठोकून दिलेली कमान काही महिन्यांत बसते, आणि तापवून कमान दिली व पुन्हा नीट पाणी दिलं नाही तर पाट्याचा कसच जातो. जास्तीचा एक पाटा घातला तर उंची मिळते, पण गाडी इतकी कडक होते की त्र्यंबक रस्त्याचा प्रत्येक गतिरोधक पाठीत बसतो. माल वाहणाऱ्या गाडीला ते चालेल.

ॲक्सलच्या खालचा पाटा काढून वर बसवायचा प्रकार तरुणांना फार आवडतो, कारण एका झटक्यात पाच इंचांच्या आसपास उंची मिळते. पण मग ड्रॅग लिंक तिरकी होते, जोर लावला की पाटा पिळवटतो, पुढच्या-मागच्या शाफ्टचे (इंजिनाचा जोर ॲक्सलकडे नेणारे दांडे) कोन बिघडतात आणि गाडी वळणावर झुकते. या सगळ्याचं उत्तर तुमच्याकडे आणि तुमच्या मेकॅनिककडे नसेल तर या वाटेला जाऊ नका. सावळघाटातून उतरताना तुमची गाडी किती उंच आहे याचा समोरून येणाऱ्या बसला काही उपयोग नसतो.

पाटे बसवताना ते ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच वापरा. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात पूर्ण बसलंय ना, हे हाताने चाचपून बघा. रबरी बुश असतील तर शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच शेवटचे आवळा. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

कॅस्टर परत आणा

चुंबकाचा कोनमापक नकलच्या सपाट भागावर लावून कोन घ्या. तो तीन अंशांपेक्षा कमी भरला तर पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये पाचर घाला. पाचर पोलादाचीच हवी, ॲल्युमिनियमची चुरते. पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे, वर असेल तर मागे. इथे गडबड झाली तर कॅस्टर वाढायच्या ऐवजी आणखी कमी होतो. पाचरीने ॲक्सल फिरतो तेव्हा पुढच्या डिफचं (डिफरन्शियलचं) तोंडही खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. म्हणून दोन-तीन अंशांच्या पुढे जाऊ नका, आणि फोर-व्हील टाकून हळू चालवताना शाफ्टमधून खडखड येते का ते ऐका.

ड्रॅग लिंक

उंची वाढली की स्टिअरिंग बॉक्स वर जातो, ॲक्सल खालीच राहतो आणि ड्रॅग लिंक तिरकी होते. मग चाक खड्ड्यात गेलं की तुम्ही न वळवताच गाडी बाजूला ओढते. दीड इंचापर्यंत हे सहसा सांभाळता येतं. त्याच्यापुढे जास्त खाली उतरणारा पिटमन आर्म लागतो, तोही कारखान्यातून तसाच घडवून आलेला. मूळ आर्म तापवून वाकवणं, टाय रॉड कापून जोडणं, ड्रॅग लिंकला तुकडा वेल्ड करणं हे करणारा मेकॅनिक कितीही हुशार असो, तिथून गाडी उचला आणि घरी या. स्टिअरिंगमधली एक वेल्ड तुटली की हातात नुसतं चाक उरतं.

पॉवर स्टिअरिंग बसवणार असाल तर बॉक्सच्या जागी चासीला आतून पट्टी लावून मजबुती द्या. पंपाचा जोर जुन्या चासीला सवयीचा नसतो, तिथे चीर जाते.

आता ब्रेकचे होज बघा. गाडी जॅकने चासीवरून उचला, म्हणजे ॲक्सल पूर्ण खाली लटकेल, आणि होज ताणला जातोय का ते तपासा. शॉकअपही याच वेळी मोजा: पूर्ण लटकल्यावर आणि पूर्ण दबल्यावर दोन्हीकडे किमान एक इंच शिल्लक हवा. लटकल्यावर ॲक्सल शॉकअपला टांगला जात असेल तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात त्याची बैठक उपटेल. ब्रीदरची नळी (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारी) आणि बंप स्टॉपर (ॲक्सल चासीवर आदळू नये म्हणून लावलेलं रबर) याच फेरीत बघून घ्या.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते, घरी मोजता येतं. पुढची चाकं उचला, टायर फिरवा आणि मधोमध खिळ्याने बारीक रेघ मारा. गाडी खाली घ्या आणि दहा-वीस फूट पुढे ढकला. चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर आधी पुढून, मग मागून मोजा. पुढचं दीड ते तीन मिलिमीटर कमी हवं. टाय रॉड फिरवून तेवढं आणा.

कागदपत्रं

हे काम सुरू करायच्या आधीचं आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या जुन्या गाड्या पंधरा वर्षांच्या पुढच्या आहेत, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी पेठ रोडच्या आरटीओत जावंच लागतं. काय बदलणार ते आधी तिथे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. झिजलेला भाग मूळ मापाच्या नव्या भागाने बदलणं ही दुरुस्ती आहे, तिथे अडचण येत नाही. मूळ भाग फेकू नका.

पहिली फेरी

सुटीच्या दिवशी सातपूर एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यांवर तीसने सुरू करा. सरळ रस्त्यावर हात क्षणभर सैल करा. गाडी एका बाजूला ओढते का? वळणानंतर स्टिअरिंग परत येतं का? मग चाळीस, पन्नास, आणि प्रत्येक वेगाला हलके ब्रेक. साठला थरथर आली नाही तरच त्र्यंबक रस्त्याला लागा. जंगलात, विशेषतः अंजनेरीच्या राखीव भागात, वाट सोडून गाडी घालू नका. भातखाचरांच्या कडेला गाळ आणि खडक भरपूर आहे, शेतकऱ्याला विचारून जा.

शंभर किलोमीटर झाले की यू-बोल्ट, शॅकलचे बोल्ट, पिटमन आर्मची नट आणि टाय रॉडचे क्लॅम्प पुन्हा आवळा. नवे यू-बोल्ट पहिल्या शंभरात ढिले होतातच. ओढ्यातून गेला असाल तर घरी आल्यावर डिफचं आणि नकलचं तेल बघा. दुधाळ दिसलं तर त्याच संध्याकाळी काढून टाका.