व्हेंडरचा माणूस येणार नसेल तर

मोठ्या सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलेशन करायला व्हेंडरचा (ते विकणाऱ्या कंपनीचा) इंजिनिअर येतो, तेव्हा सुरुवातीला बराच वेळ तो फक्त प्रश्न विचारतो. सर्व्हरचं नाव काय? कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) कोणता? फायरवॉल कोण उघडणार? आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. तो येणार नसेल तर त्याचं हेच काम आधी अंगावर घ्यायचं. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' कुणालाही जमतं.

इन्स्टॉलेशन गाइड मी शेवटी उघडते. आधी रिलीज नोट्स आणि कम्पॅटिबिलिटी मॅट्रिक्स, म्हणजे कशाबरोबर काय चालतं याचा तक्ता. सॅप या कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे लोक त्याला प्रॉडक्ट अव्हेलेबिलिटी मॅट्रिक्स म्हणतात, बाकीचे आणखी काहीतरी. ऑपरेटिंग सिस्टिमची नेमकी आवृत्ती, डेटाबेसचा पॅच, जावा कुठली, सगळं त्यात जुळलं पाहिजे. 'आमच्याकडे चालतं की' याला अर्थ नाही. उद्या तिकीट (सपोर्टकडे तक्रार) टाकलंत की सपोर्टवाला पहिल्यांदा हेच तपासणार, आणि जुळलं नाही तर त्याला हात झटकायला कारण मिळणार.

मग एका कागदावर फक्त असे निर्णय लिहायचे, जे नंतर बदलता येत नाहीत किंवा बदलायला फार महाग पडतात. या कागदावर दोन दिवस गेले तरी चालतील. सॅपमध्ये सर्व्हरचं नाव १३ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही आणि सिस्टिम आयडी बरोबर तीन अक्षरांचा लागतो. नावं ठरवणाऱ्या विभागाला हे आधी सांगितलं नाही तर पुढे वाद अटळ. ऑरॅकलचा डेटाबेस तयार करताना कॅरेक्टर सेट एएल३२यूटीएफ८ घ्यावा. जुना पाश्चात्त्य सेट राहिला तर देवनागरी नावांच्या जागी उलटी प्रश्नचिन्हं साठतात, आणि एकदा तशी साठली की मूळ अक्षरं परत येत नाहीत. एसक्यूएल सर्व्हरचं कोलेशनही (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) तसंच: सर्व्हर पातळीवर ते बदलायचं म्हणजे सिस्टिम डेटाबेस पुन्हा बांधायचे. लायसन्स होस्टनेमला (सर्व्हरच्या नावाला) किंवा नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं आहे का, हेही याच कागदावर. व्हर्च्युअल मशीन क्लोन केलं की मॅक अ‍ॅड्रेस सहसा बदलतो.

पोर्टांची (सर्व्हरवर जोडणी ज्या क्रमांकाच्या दारातून होते त्यांची) यादी करताना नुसता आकडा लिहू नका, कोण कुणाला जोडणी करतं तेही लिहा. अ‍ॅप्लिकेशनकडून ऑरॅकलकडे १५२१, एसक्यूएल सर्व्हरकडे १४३३, पोस्टग्रेसकडे ५४३२. हे नेहमीचे आकडे झाले. तुमच्याकडे कुणी बदलले असतील तर तेच लिहायचे. यादी नेटवर्कवाल्यांना सगळ्यांत आधी द्या, कारण मंजुरीला वेळ तिथेच लागतो. उघडलं म्हणून कळवलं तरी त्याच मशीनवरून तपासा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा तुम्ही पोहोचलात, पण पलीकडे ऐकायला कुणी बसलेलं नाही. काहीच उत्तर न येता टाइमआउट झाला तर मध्ये कुणीतरी पॅकेट गिळतंय. एवढा फरक समजला तरी दोन विभागांतलं निम्मं भांडण मिटतं.

मशीनवर चार गोष्टी. घड्याळं एकाच टाइम सर्व्हरशी जुळलेली हवीत, कारण केर्बेरॉस (लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवणारी यंत्रणा) मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक सोसत नाही. नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव, दोन्हीकडून बरोबर उत्तर आलं पाहिजे. सुरक्षेसाठी टेम्प फोल्डरवर नोएक्झेक (तिथून प्रोग्रॅम चालवायला बंदी) लावलेलं असेल तर बरेच इन्स्टॉलर तिथेच अडकतात आणि कारण मात्र भलतंच सांगतात. चौथी गोष्ट फसवी आहे. लिमिट्स फाइलमध्ये ओपन फाइल्सची मर्यादा वाढवली तरी सिस्टिमडीने (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) सुरू केलेली सर्व्हिस ती फाइल पाहत नाही. तिच्या युनिट फाइलमध्ये वेगळं सांगावं लागतं.

आता रंगीत तालीम. टाकाऊ मशीनवर सगळं बसवा, प्रत्येक कमांड टिपून ठेवा आणि ते मशीन पुसून टाका. दुसऱ्यांदा तुमच्या टिपणांवरून दुसऱ्या कुणीतरी बसवायचं. तुम्ही शेजारी बसायचं, पण तोंड बंद. तो जिथे अडेल तिथे टिपण कच्चं आहे. इन्स्टॉलर रिस्पॉन्स फाइल (त्याच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं) देत असेल तर जरूर घ्या, फक्त त्यातले पासवर्ड नंतर काढून टाका.

खऱ्या दिवशी डाउनलोडचा चेकसम (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा, टीमक्ससारख्या सर्व्हरवरच चालू राहणाऱ्या सेशनमध्ये काम करा म्हणजे जोडणी तुटली तरी इन्स्टॉलर मरत नाही, आणि टप्प्याटप्प्याला डेटाबेस बंद करून स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घ्या. एरर आली की लॉगचं शेपूट बघून निष्कर्ष काढू नका. वेळेनुसार पहिली एरर शोधा, नंतरच्या बहुतेक तिचीच पिल्लं असतात. जावाचा स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठे आली त्याची यादी) असेल तर मात्र त्या ट्रेसमधली सगळ्यांत खालची 'कॉज्ड बाय' ओळ. एका वेळी एकच बदल. तीन बदल करून चाललं तर कशाने चाललं हे कायमचं कोडं.

सपोर्ट पोर्टलवर तुमच्या नावाने तिकीट टाकता येतं का, हे आदल्या आठवड्यात तपासा. तिकिटात आवृत्ती, अडलेली पायरी, एररचा मजकूर (मोबाइलने काढलेला फोटो नव्हे), काय करून पाहिलं ते, आणि पासवर्ड झाकलेले लॉग. 'अर्जंट, काम बंद' लिहून तिकीट पुढे सरकत नाही. सर्वांत वरची सिव्हिअरिटी (तातडीची पातळी) मागणार असाल तर तुमच्याकडचाही कुणीतरी रात्रभर जागा लागतो. बहुतेक व्हेंडर तशी अट घालतात.

सगळं हिरवं दिसलं की सर्व्हर रीस्टार्ट करा आणि बघा, आपणहून वर येतं का. डीफॉल्ट पासवर्ड बदला. सर्टिफिकेट ब्राउझरमध्ये चाललं म्हणून सोडू नका. साखळीतलं मधलं, म्हणजे इंटरमीडिएट, सर्टिफिकेट राहिलं असेल तर ब्राउझर बऱ्याचदा निभावून नेतो आणि जावाचा क्लायंट 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' (सर्टिफिकेटची साखळी जुळली नाही) म्हणून बसतो. बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर होईपर्यंत साइन-ऑफ देऊ नये, वरून कितीही फोन आले तरी.

क्लस्टर (एकत्र काम करणारे अनेक सर्व्हर) किंवा चालू सिस्टिममधून डेटा हलवणं, या दोन ठिकाणी मी स्वतः हट्ट धरत नाही. तेवढ्यापुरते व्हेंडरचे रिमोट तास विकत घ्यावेत. स्क्रीन रेकॉर्ड करायची परवानगी मात्र करारातच लिहून घ्या, आणि कीबोर्ड आपल्याच माणसाच्या हातात ठेवा.