लॉ सीईटी, भज-क आणि चुलत आजोबांचा दाखला

वकील म्हणजे तालुक्याच्या कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेला काळ्या कोटातला माणूस, एवढीच आमच्या घराची वकिलीशी ओळख. बी.ए. झाल्यावर मी भज-क (भटक्या जमाती-क, म्हणजे धनगर) प्रवर्गातून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला अर्ज केला. ज्यांना हाच रस्ता धरायचाय त्यांना एकच सांगणं आहे: सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, धास्ती घेऊ नका, कागदांची घ्या.

सीईटीचं काय, पेपर पर्यायी प्रश्नांचा असतो, मराठीतूनही देता येतो आणि उत्तर चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पदवीला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, ओबीसी आणि विमुक्त-भटक्यांना (विजा-भज) ४२, एससी-एसटीला ४०. हे झालं की तुम्ही पात्र. पण राखीव जागा ठरते ती कागदांवर, आणि ते कागद उलट्या क्रमाने लागतात: जात वैधतेसाठी (दाखला खरा असल्याच्या पडताळणीसाठी) आधी जातीचा दाखला, दाखल्यासाठी पुरावा, आणि पुरावा तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा.

किती आधीचा, तर विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७, एससींना १० ऑगस्ट १९५० आणि एसटींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. माझे आजोबा शाळेची पायरी चढलेच नव्हते. मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसाच्या नावावर कागद कुठून असणार? पण त्यांचे धाकटे भाऊ दुसरीपर्यंत शिकलेले. पुरावा वडिलांकडच्या रक्तातल्या कुणाचाही चालतो, फक्त वंशावळीत नातं नीट दाखवावं लागतं.

जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून प्रवेश-निर्गम रजिस्टर काढलं. पानांच्या कडा कुरतडलेल्या. बोट ओळीवरून सरकत सरकत थांबलं: नाव ‘भिवा’, जात ‘हटकर’. घरी सगळे त्यांना भीमराव म्हणायचे, रेशनकार्डावरही तेच. हटकर ही धनगरांतली पोटजात यादीत आहे, त्यामुळे जातीची अडचण नव्हती. नावासाठी मात्र दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र जोडलं. शाळेत काहीच सापडलं नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ ची, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नक्कल मागा. अर्ज साधा असतो, चकरा मात्र माराव्या लागतात.

बहिणींसाठी एक: लग्न झालेलं असलं तरी जातीचे पुरावे माहेरचेच लागतात. आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र हाताशी ठेवा.

दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, वैधता जिल्हा जात पडताळणी समितीकडून (एसटींची समिती वेगळी). सख्ख्या काकांची किंवा चुलत भावाची वैधता असेल तर ती आवर्जून जोडा. रक्तातल्या नातेवाइकाला वैधता मिळालेली असेल तर एरवी तीच धरून चालावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्येच म्हटलंय. हे मला लॉला आल्यावर कळलं, आणि आपल्याच फायलीचा कायदा आपल्याला माहीत नव्हता याची गंमत वाटली. समितीला शंका आली तर दक्षता पथक गावात चौकशीला येतं. त्यात महिने जातात, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाआधीच अर्ज टाका. काही वर्षी नुसत्या पावतीवर प्रवेश देऊन वैधतेला मुदत मिळाली आहे, पण त्या भरवशावर राहणं म्हणजे झोप घालवणं.

नॉन-क्रिमीलेअरची, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्राची, गोची वेगळीच. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर असतात. त्यामुळे गेल्या वर्षीचं काढून ठेवलेलं प्रमाणपत्र ऐन वेळी बाद ठरू शकतं. मुदतीची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, सेवा केंद्रातल्या पोराच्या तोंडाकडे बघू नका.

‘ओपनमधून लागत असेल तर कॅटेगरी कशाला लावतेस?’ असं मला एका हुशार माणसाने ऐकवलं. गुण खुल्या यादीत बसत असतील तर खुली जागाच मिळते, प्रवर्ग लावल्याने काही कमी होत नाही. तेव्हा संकोच नको.

पसंतीक्रम भरताना कॉलेजच्या नावाआधी तुकडी अनुदानित आहे का ते बघा. फीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, जिथे डॉ. आंबेडकर प्राचार्य होते, किंवा पुण्याचं आयएलएस विधी महाविद्यालय यादीत वर टाकायला कुणाची ना नाही. फक्त तिथल्या खोलीभाड्याचा हिशेबही त्याच वहीत मांडा.

प्रवेश झाला की लगेच महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज करा. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, जुलै २०२४ च्या निर्णयानुसार शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. कॉलेजच्या कारकुनाने आधी फी भरा म्हटलं तर शासन निर्णयाची प्रत पुढे करा. लॉची प्रॅक्टिस तिथूनच सुरू होते म्हणा ना.