हेड खोलायच्या आधी

जुनी गाडी कूलंट बाहेर टाकायला लागली की गॅरेजमध्ये हेड गॅसकेटचं (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचं) नाव लगेच निघतं, आणि खर्च मोठा असतो. इंदूरहून धुळे-नाशिकला जायचं असेल, तर परतताना खलघाटानंतरचा मानपूरपर्यंतचा चढ डोळ्यांसमोर ठेवून आधी घरीच एवढं बघून घ्या.

सकाळची वेळ धरा, इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, वाफेनं चेहरा-हात भाजतात. टॉर्च, फडकं, मार्कर आणि डिस्टिल्ड वॉटर जवळ ठेवा. प्रथम रेडिएटरला जोडलेली कूलंटची बाटली बघा: गार असताना पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. काठोकाठ भरली असेल तर तापल्यावर जास्तीचं बाहेर येणारच, तो बिघाड नव्हे. पातळीवर रेघ मारून ठेवा.

मग रेडिएटरचं झाकण. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बऱ्याच झाकणांवर ०.९ छापलेलं असतं, म्हणजे ते किती बार दाब धरून ठेवतं तो आकडा. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं, चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही आणि कूलंट बाटलीकडे पळतं. मधली छोटी झडप गार होताना ते परत ओढून घेते. ती अडकली असेल तर बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा आणि वरचा होज पाईप चपटा झालेला दिसेल. नवं झाकण स्वस्त मिळतं, पण आकडा कंपनीने दिलाय तोच घ्या.

एसी लावून पंखा फिरतो का बघा, जाळीतला कचरा काढा. बोरिंगचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं असेल तर रेडिएटर आतून क्षारांनी चोंदलेला असू शकतो.

शेवटी, इंजिन गारच असताना झाकण काढून गाडी सुरू करा. अडकलेल्या हवेचे बुडबुडे थोड्या वेळाने थांबतात. ते येतच राहिले, रेस दिल्यावर वाढले, तर मात्र गॅसकेटचा संशय खरा. झाकण लावून गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच होज दगडासारखा कडक होत असेल, तरीही तेच. तेव्हासुद्धा हेड खोलायला लगेच हो म्हणू नका. निळ्या द्रवाची गॅस टेस्ट करायला सांगा. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते द्रव पिवळं पडतं, आणि ते स्वतः उभं राहून बघा.