दूतावासात घुसलेला फरारी: हा गेम ग्रुपमध्ये कसा खेळायचा

इंटरनॅशनल रिलेशन्सच्या नोट्समध्ये हा टॉपिक जेमतेम अर्ध्या पानाचा असतो, दूतावासांचे नियम ठरवणारा व्हिएन्ना करार १९६१, कलम २२, खाली विकिलीक्सच्या ज्युलियन असांजचं नाव, संपलं. आणि मग मॉक इंटरव्ह्यूला सरांनी नुसतं विचारलं की असांज लंडनमधल्या इक्वेडोरच्या दूतावासात बसला होता तर ब्रिटिश पोलिसांनी जवळपास सात वर्षं ते दार का नाही तोडलं, की सगळे छताकडे बघतात. म्हणून आमच्या नव्या पेठेतल्या ग्रुपमध्ये हे आम्ही वाचण्यापेक्षा खेळतो. कसं ते सांगतो, कुणालाही जमेल.

सात-आठ जण, एक खोली, बाहेरचा पॅसेज, खडू आणि साधारण तीन तास एवढंच लागतं. अभ्यासिकेत करू नका, हाकलतील. रूमवर करा पण सकाळी करा आणि घरमालक काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण यात आवाज चढतोच आणि पेठेत दुपारी एक ते चारमध्ये आवाज चढला तर पुढचा आश्रय तुम्हालाच शोधावा लागेल.

खोली म्हणजे दूतावास, पॅसेज म्हणजे यजमान देश (ज्याच्या जमिनीवर तो दूतावास आहे तो), आणि खालची चहाची टपरी म्हणजे एअरपोर्ट. उंबऱ्यावर खडूने जाड रेघ मारा. एक जण फरारी, दोघं दूतावासाचे (राजदूत आणि सेक्रेटरी), दोघं यजमान सरकारचे (परराष्ट्रमंत्री आणि पोलिस), एक जण हा माणूस ज्यांना हवाय त्या तिसऱ्या देशाचा, एक पत्रकार आणि एक पंच. माणसं कमी असतील तर पत्रकार उडवा, पंच मात्र शांत डोक्याचाच घ्या, पुढे काय घडतं ते लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याकडे असतात.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, ती म्हणजे ही खोली परदेशाची जमीन नाहीये. निम्मा ग्रुप हेच धरून बसलेला असतो. जमीन यजमान देशाचीच, फक्त कलम २२ प्रमाणे राजदूताच्या परवानगीशिवाय पोलिसाने आत पाऊल टाकायचं नाही. म्हणजे संरक्षण आहे ते जागेला, आत बसलेल्या फरारीला स्वतःचं असं काहीच नाही, तो रेघेबाहेर आला की पोलिस त्याला धरणार. त्यामुळे अख्खा गेम खोलीत होत नाही, तो होतो रेघेपासून टपरीपर्यंतच्या जिन्यावर. आणि परराष्ट्रमंत्री झालेल्याला कलम ४१ आधीच वाचून यायला सांगा, दूतावासाची जागा दूतावासाच्या कामाव्यतिरिक्त भलत्याच गोष्टीला वापरता येत नाही असं ते म्हणतं, हे त्याच्याकडे नसेल तर बिचारा दहा मिनिटांत हरतो.

मग पंचाने खंड जाहीर करायचा. लॅटिन अमेरिका असेल तर १९५४चा काराकास करार लागू, त्यात गुन्हा राजकीय आहे की नाही हे आश्रय देणारा देश ठरवतो आणि यजमानाने सेफ पॅसेज द्यायचा असतो, म्हणजे फरारीला देशाबाहेर सुखरूप जाऊ द्यायचं. लंडन किंवा दिल्ली असेल तर असलं काही नाही, व्हिएन्ना करारात दूतावासातल्या आश्रयाचा विषयच घेतलेला नाही. पहिल्यांदा खेळताना लंडनच घ्या, जास्त अडकायला होतं.

पहिला डाव राजदूताचा, दार उघडायचं की नाही. पाचच मिनिटं द्या. २०१८ला पेरूचे माजी राष्ट्राध्यक्ष आलान गार्सिया लिमामध्ये उरुग्वेच्या राजदूताच्या घरी गेले होते, उरुग्वेने काही दिवस विचार केला आणि नाही म्हणून सांगितलं. म्हणजे नकार हासुद्धा डाव आहे. आणि घाईचं उदाहरण हवं असेल तर आपल्या दिल्लीतलंच घ्या. ६ मार्च १९६७च्या संध्याकाळी स्टालिनची मुलगी स्वेतलाना चाणक्यपुरीतल्या अमेरिकन दूतावासात चालत गेली. तिचे भारतीय जोडीदार ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन ती भारतात आली होती, परत जायची वेळ आली म्हणून रशियन लोकांनी तिचा पासपोर्ट तिच्या हातात दिलेला, तोच तिने टेबलावर ठेवला. राजदूत चेस्टर बोल्स यांनी त्याच रात्री व्हिसा देऊन तिला रोमच्या विमानात बसवून दिलं. वॉरंट नाही, दारात पोलिस नाही, स्वतःच्या पासपोर्टवर बाई एअरपोर्टमधून रीतसर बाहेर. म्हणून नियम असा ठेवा की पंचाने पोलिस आल्याची चिठ्ठी उलटायच्या आत राजदूताने ठरवलं तर जिना मोकळा, उशीर केला की पोलिस रेघेवर खुर्ची टाकून बसला.

आता यजमानाची बाजू. परराष्ट्रमंत्र्याला कागद द्या आणि पत्र लिहायला लावा, पंच ते सगळ्यांसमोर वाचणार. इथे मजा येते कारण प्रत्येक जण धमकी लिहितो आणि ती उलटते. ऑगस्ट २०१२मध्ये ब्रिटनने इक्वेडोरला पत्रातून आपल्या १९८७च्या कायद्याची आठवण करून दिली, ज्याच्या आधारे इमारतीचा दूतावासाचा दर्जाच काढता येतो. इक्वेडोरचे परराष्ट्रमंत्री रिकार्दो पातिन्यो यांनी ते जगजाहीर केलं, दुसऱ्या दिवशी असांजला आश्रय मिळाला आणि लॅटिन अमेरिकेतले देश इक्वेडोरमागे उभे राहिले. पत्रकार झालेल्याने तेव्हा झोपू नये एवढंच.

दार फोडायची मुभा ठेवा, ती काढली तर गेम गुळमुळीत होतो. फक्त फोडल्यावर काय होतं तेही खेळा. ५ एप्रिल २०२४ला इक्वेडोरचे पोलिस कीटोमधल्या मेक्सिकोच्या दूतावासात घुसले आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष होर्खे ग्लास यांना उचललं. मेक्सिकोने लगेच संबंध तोडले, हेगच्या कोर्टात गेले, निषेध सगळीकडून झाला, पण ग्लास गेले तुरुंगातच. मग यजमान जिंकला की हरला? आमच्याकडे यावर भांडण होतं आणि माझं मत हरला असं आहे, कारण उद्या त्याचाच राजदूत दुसऱ्या कुणाच्या राजधानीत बसलेला असतो.

फरारीला बाहेर काढायच्या आयडिया येतातच, त्या आडवू नका, तपासा. डिप्लोमॅटिक गाडी म्हणाल तर पोलिस ती उघडू शकत नाही खरं, पण गाडीपर्यंत चालत कोण जाणार? लंडनमध्ये इक्वेडोरचा दूतावास म्हणजे हॅरॉड्स या मोठ्या दुकानाच्या मागच्या बिल्डिंगमधला एक फ्लॅट, त्याच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की पोलिस. त्यालाच डिप्लोमॅट करून टाका म्हणाल तर इक्वेडोरने २०१७मध्ये असांजला नागरिकत्व देऊन तेही करून पाहिलं, ब्रिटनने मानलं नाही. आणि कुणीतरी शेवटी डिप्लोमॅटिक बॅगेत (दूतावासाच्या सरकारी टपालात) घालून नेऊ म्हणतोच. त्याला १९८४चं स्टॅनस्टेड एअरपोर्ट सांगा, नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को यांना बेशुद्ध करून पेटीत घातलं होतं, पेटीवर डिप्लोमॅटिक बॅगेच्या रीतसर खुणाच नव्हत्या म्हणून कस्टमवाल्यांनी ती उघडली आणि माणूस वाचला. डिप्लोमॅटिक बॅग उघडायची नाही असं सांगणारं कलम २७ यानंतर कुणी विसरत नाही.

मधला तास कंटाळ्याचा असतो आणि तो तसाच ठेवायचा. फरारीचा मोबाईल काढून घ्या, त्याने खिडकीत बसायचं, वडापाव आला तरी तो पोलिसाच्या परवानगीने आत जाणार. हंगेरीचे धर्मगुरू कार्डिनल मिंडझेंटी बुडापेस्टमध्ये अमेरिकन लोकांकडे १९५६ ते १९७१ बसले होते, पंधरा वर्षं. पेरूचे राजकीय नेते आया दे ला तोरे लिमाला कोलंबियाच्या दूतावासात १९४९ ते १९५४, आणि त्यांच्या केसमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९५० आणि १९५१ला जे दोन निकाल दिले त्यांचा मिळून अर्थ असा की आश्रय दिला ते चुकलं, पण माणूस परत द्यायलाच पाहिजे असंही नाही, तुमचं तुम्ही बघा. पंचाने हा निकाल सांगितला की दोन्ही टीमची तोंडं बघण्यासारखी होतात.

कंटाळा पुरेसा झाला की पंचाने सगळ्यात वाईट चिठ्ठी काढायची, आश्रय देणाऱ्या देशात सरकार बदललं. राजदूत तोच, हुकूम नवा. इक्वेडोरचे राष्ट्राध्यक्ष कोरेया यांनी असांजला दिलेला आश्रय त्यांच्यानंतर आलेल्या मोरेनो यांनी काढून घेतला आणि ११ एप्रिल २०१९ला लंडनच्या पोलिसांना दूतावासानेच आत बोलावलं, कलम २२ला धक्काही नाही. फरारी झालेला पोरगा इथे खरंच चिडतो, चिडू द्या.

दुसऱ्या राउंडला दूतावास भारताचा करा. १९५०ला नेपाळचे राजे त्रिभुवन काठमांडूच्या आपल्या दूतावासात आले आणि काही दिवसांत विमानाने दिल्लीला पोचले, फेब्रुवारी २०१३मध्ये मालदीवचे माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नाशीद मालेच्या आपल्या हायकमिशनमध्ये आले, दहा दिवस राहिले आणि स्वतः चालत बाहेर पडले, तेव्हा दिल्लीने त्यांनी मदत मागितलीय एवढंच म्हटलं होतं. नाशीद घ्या, कारण त्यात शेजारी गमवायचाही नाही आणि माणूसही सोडायचा नाही. फरारी बदला, आणि पहिल्या राउंडला सगळ्यात जास्त ‘दार फोडा’ म्हणून जो ओरडत होता त्यालाच या वेळी राजदूत करा.